नाक जरा खाली

उंब्रजच्या माळावर गेलं की हणमंतराव आधी रिमोटचं विमान बोटांवर तोलायचे. दोन्ही पंखांखाली एकेक बोट, डोळे किलकिले, श्वास रोखलेला. नाक हळूच खाली झुकलं तरच उड्डाण, शेपूट झुकलं की बंद. "नाक खाली असलं की घरी येतंय रं, शेपूट जड झालं की उसात जातंय," हे ठरलेलं. फौजेतनं निवृत्त झालेला माणूस, पण थर्माकोलच्या विमानापायी असा अडून बसायचा की माझं डोकं उठायचं.

नाकात किती वजन हवं, हे ते कणकेनं ठरवायचे. वहिनींच्या परातीतला गोळा न विचारता उचलायचा, चिमटी-चिमटीनं नाकाला लावायचा आणि तोल जमला की तेवढ्याच वजनाचं शिसं आत बसवायचं. घरात चपात्या कमी पडतात आणि हे विमानाला चारतात, म्हणून वहिनी करवादायच्या. एकदा ऐन उन्हाळ्यात गप्पांच्या नादात शिसं बसवायचं राहून गेलं. सकाळी तोललंय की, म्हणत त्यांनी संध्याकाळी विमान तसंच सोडलं. दिवसभरात कणीक वाळून हलकी झालेली. विमान थेट उसात! मी पोट धरून हसलो, ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. हौसेनं नवं विमान बांधलं, पण बोटांवर ते नुसतं डुगडुगायचं. नाक जातंय की शेपूट, कळेचना. मी तोलतो म्हटलं, तर ऐकतील तर शपथ. "ज्याचं त्यानं तोलावं, गड्या." विमान कपाटावर गेलं, ते तिथंच राहिलं आणि हणमंतराव गेले. मला फार एकटं वाटलं.

महिन्याभरानं वहिनी म्हणाल्या, भावजी, ते उडवा. मला धीर होईना. त्यांच्या हातचं शेवटचं विमान माझ्याकडून उसात गेलं तर तोंड कुठं दाखवायचं? तरी गेलो. माळावर वहिनींनी पिशवीतनं शिसं आणि एक डबा काढला. डब्यात कणकेचा गोळा.

"वल्या फडक्यात गुंडाळलीय. वाळायची न्हाई."

मग मला बाजूला सारून त्यांनी स्वतःची बोटं पंखांखाली धरली. त्या सांगतील तशी मी कणीक लावत गेलो. नाक झुकलं. कणकेच्या जागी शिसं बसवून त्यांनी पुन्हा तोललं आणि मान हलवली.

विमान उठलं, उसावर गेलं. माझी बोटं रिमोटवर आवळली. वहिनी मात्र डब्याला झाकण लावत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "येतंय की घरी. नाक खाली हाय त्येचं."