काकांचा आवाज, काकांच्याच समोर

मागच्या वर्षी बजेटच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात, जासईच्या पुढे, गावकी बसली. गावकी म्हणजे देवळात जमणारी गावची सभा. पनवेलच्या कॉलेजातले माझे मित्र हसतात, पण आमच्याकडे नोकरीची यादी तिथेच बनते. कंटेनर यार्डात भरती निघाली की कुठली पोरं लावायची ते गावकी ठरवते आणि यार्डाच्या साहेबाच्या हातात कागद देते. या वेळी कागदावर माझं नाव होतं. बीकॉम होऊन दोन वर्षं मी घरीच होतो.

यादी करणारे माझे चुलतकाका. सकाळीच म्हणाले, "सायेब येनार हाय. तू भय्यांची नक्कल कर. लोकं हसली पायजेत. मंग मी बोलतो, भायेरच्यांना हाकला."

नकला माझा जुना धंदा. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केलेली, अर्धी शाळा घरी गेली होती.

माईक हातात आल्यावर सुरुवात टीव्हीवाल्यापासून केली. "बजेटमध्ये तरुणांसाठी नोकऱ्याच नोकऱ्या! कुठे आहेत? पाहूया एका छोट्याशा ब्रेकनंतर!" लोकं खूश. मागून कोणतरी ओरडला, "आता भय्या काढ!"

मी मागे बघितलं. खुर्च्या लावून पाच पोरं भिंतीला टेकून उभी होती. काकांच्या चाळीतले भय्ये भाडेकरू, यार्डातच कामाला. गावात काय कार्यक्रम असला की भाडेकरूंनी फुकट राबायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यातल्या एकाने मला रविवारी रविवारी फोर्कलिफ्ट चालवायला शिकवलेलं. तो आधीच हसायला लागला होता. आपलीच टर उडणार हे माहीत असून.

मला काय झालं काय माहीत. मी गळ्यातली नसलेली चेन सारखी केली, खाकरलो, आणि काकांचा आवाज काढला.

"आपल्या पोरांच्या नोकऱ्या भायेरच्यांनी खाल्ल्या! हाकला त्यांना!" मग वळून, गोड आवाजात, "ए भाई, तुमारे गाव से और लोग आनेवाले हाय ना? बोलो उनको, अपना रूम खाली हाय! आठ जन रहो, अपने को चलता हाय!"

पहिल्यांदा बायका हसल्या. मग सगळेच. आणि मग हळूहळू गप्प झाले, कारण बंदरात गेलेल्या जमिनीच्या पैशातून प्रत्येकानेच घरामागे भाड्याच्या खोल्या काढलेल्या. आमच्यापण चार आहेत.

काका शांतपणे म्हणाले, "याचं नाव काट."

एक जण उठला, "तुला भय्यांचा पुळका आलाय काय रं?"

"पुळका कसला? मलापण नोकरी पायजे! पण यार्ड सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर माणूस ठेवतं. भय्यालापण, आपल्यालापण. पर्मनंट कोणच नाय. मग आपण त्याच्याशी कनाला भांडतोय? सायेब इथेच बसलेत ना, त्यांना विचारा की!"

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांना तेवढ्यात फोन आला. वाजला मात्र नाही.

माझं नाव कापलं ते कापलंच. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "चांगला काढलास हां आवाज."

आता मी रोज सकाळी यार्डाच्या गेटवर कंत्राटदाराच्या लायनीत उभा राहतो. कधी घेतात, कधी नाय. परवा काकांचा निरोप आला, माफी माग, पुढच्या यादीत नाव घालतो.

मी कळवलं, मागतो ना. पण गावकीतच, माईकवर, सगळ्यांसमोर.

अजून काय बोलावणं आलेलं नाही.