दोनदा परत आलेला इतिहास

पुस्तकांच्या त्या घाऊक कंपनीत परतीच्या मालाच्या खोलीत ताई सव्वीस वर्षं बसल्या. दुकानांत न खपलेली पुस्तकं गठ्ठ्यांनी परत यायची. ताई एकेक उलटून बघायच्या आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने खूण करून ते पुन्हा रॅकवर ठेवायच्या. खूण आधीचीच असली, तर पुस्तक थेट कागद कारखान्याच्या लगद्यासाठी. दोनदा परत आलेलं पुस्तक तिसऱ्यांदा कुणाच्या गळ्यात मारायचं नाही, हा नियम ताईंच्या थोरल्या भावाने घातला होता. त्याने आणि मालकांनी मिळून हातगाडीवर धंदा उभा केला. भाऊ गेला आणि मालक एकदम द्रष्टे झाले.

द्रष्टे म्हणे! ज्या माणसाने पुस्तकाचं वजन सोडून आत कधी डोकावून पाहिलं नाही, त्याने पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनीचा इतिहास छापून घेतला. गुळगुळीत कागद, तीनशे पानं, त्यांत मालकांचे एक्केचाळीस फोटो. भावाचं नाव शोधत ताईंनी अख्खं पुस्तक पालथं घातलं. कुठेच नव्हतं. हातगाडीच्या फोटोतून त्याला कापला होता, फक्त मालकांच्या खांद्यावर त्याची चार बोटं राहिली होती. धड कापायचीही अक्कल नाही! आणि चौदाव्या पानावर ठळक अक्षरांत 'संस्थापकांचा अढळ नियम' म्हणून भावाचाच नियम. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादाचं नाव का नाही यात?" त्यांनी मालकांना तोंडावर विचारलं.

"अहो ताई, कुणाकुणाला घालायचं? जागा नको का?"

मग हा इतिहास दुकानादुकानाच्या पार्सलात न मागता कोंबला गेला. महिन्याभरात परत आला. मालकांनी पुन्हा पाठवला. पुन्हा आला, काही गठ्ठ्यांची तर सुतळीही सुटली नव्हती. ताईंनी शांतपणे पेन्सिलीला टोक केलं, प्रत्येक प्रतीवर दुसरी खूण केली आणि लगद्याचा ट्रक बोलावला.

मालक धापा टाकत खाली आले. "ताई, डोकं फिरलंय का तुमचं? माझा इतिहास आहे तो!"

"दोनदा परत आलाय. पान चौदा बघा, तुमचाच नियम."

"कसला माझा नियम! ते खूळ तुमच्या भावाचं. माझा काय संबंध?"

हमाल थांबले. पॅकिंगच्या बायकांनी माना वर केल्या.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ताई हमालांकडे वळल्या. "दादाचा नियम आहे. मग तर मोडायचा प्रश्नच नाही. भरा रे ट्रक."