पडद्यावरचं शेवटचं मरण

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं माझ्याशी नीट बोलला नाहीत. तुमच्या मामाने तुम्हाला आधी सांगून ठेवलं होतं की आजोबांचा आवाज त्यांच्या मालिकेच्या नव्या भागात ऐकू येणार आहे, आणि मग मी त्याला नकार दिला. रुसणं साहजिक आहे. तुमच्या ट्रॉयहून आमची जर्सी सिटी लांब, आणि फोनवर मला सगळं मुद्देसूद सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल.

तुमचे आजोबा उत्तर इंग्लंडमधल्या एका मासेमारीच्या गावात जन्मले. मी इंग्रजी शिकायला पुण्याहून लंडनला गेले, तेव्हा ते एका फिरत्या नाटक कंपनीत होते. पुढे आयुष्यभर चरित्र भूमिका केल्या. बटलर, न्यायाधीश, गावचा डॉक्टर, सुरुवातीलाच ज्याचं प्रेत सापडतं तो माणूस. लोकांना त्यांचा चेहरा ओळखीचा वाटे, पण नाव कधी आठवत नसे. दुकानात कुणीतरी थांबून विचारायचं, तुम्ही आमच्या बँकेत होता का? ते गंभीरपणे हो म्हणायचे आणि वर त्यांच्या खात्याची चौकशी करायचे. मग अमेरिकेतल्या एका मालिकेला वयस्कर इंग्रज खलनायक हवा होता. तुमचा मामा तोवर इथे नोकरीला लागला होता, म्हणून आम्ही इथे आलो आणि राहिलो.

त्यांची काम करायची एक रीत होती. प्रत्येक भूमिकेसाठी ते कुणाचा तरी आवाज उचलायचे. पोस्टमनचा, दाताच्या डॉक्टरचा, बागेत भेटणाऱ्या म्हाताऱ्याचा. एका न्यायाधीशाच्या भूमिकेत निकाल वाचण्यापूर्वी त्यांनी माझ्या वडिलांसारखं खाकरून घेतलं होतं. माझे वडील गेल्यानंतर तो चित्रपट लागला, आणि पडद्यावरच्या इंग्रज न्यायाधीशाच्या घशातून माझे वडील खाकरले. मी टीव्ही बंद केला. तुमचे आजोबा ओशाळले, पण म्हणाले, अगं, आवाज चांगला होता म्हणूनच घेतला.

आणि ते मरायचे फार. विष, गोळी, बुडणं, जिन्यावरून पडणं. माझ्या आईने पुण्यात त्यांचा पहिला चित्रपट पाहिला, त्यात जावयाचा गळा आवळला गेला. ती मध्येच उठून घरी आली. पुढे आम्ही सुट्टीला गेलो तेव्हा तिने त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, मीठ, मोहरी आणि मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, ते सगळं निखाऱ्यावर टाकलं आणि आधी अंघोळ, मग चहा, असं बजावलं. मला म्हणाली, "खोटं असलं तरी मरण आहे ते. ते दाराबाहेर ठेवूनच घरात यावं माणसाने."

त्यांना हे भलतंच पसंत पडलं. तेव्हापासून मरणाचं चित्रीकरण झालं की ते फोन करून मराठीत सांगायचे, "आज मेलो गं," आणि मी गीझर लावून ठेवायची. लंडनमध्ये चालून गेलं. जर्सी सिटीत पहिल्याच वेळी मिरच्यांच्या धुराने अलार्म वाजला आणि इमारतीतले सगळे पायजम्यांवर रस्त्यात उभे राहिले. आमच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू मला म्हणाल्या, "ताई, दृष्ट काढली की इमारत रिकामी केली?" तेव्हापासून मिरच्या बंद, नुसतं मीठ-मोहरी. पण अंघोळ कधी चुकली नाही. अंघोळ करून आले की ते मराठीतच बोलायचे. मोडकंतोडकं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं, कुणाचं उचललेलं नव्हतं.

शेवटच्या मालिकेत ते एका श्रीमंत घराण्याचे म्हातारे आजोबा होते. त्या आजोबांच्या मरणाचा प्रसंग तेवढा राहिला होता. त्याआधीच आपले आजोबा खरोखर गेले. रुग्णालयात मी शेजारी होते. पडद्यावर इतकी लांबलचक शेवटची भाषणं केलेला हा माणूस एक अक्षर न बोलता गेला. माझा हात त्यांच्या हातात होता, एवढंच.

त्यानंतर त्यांचा आवाज मला कुठेही गाठू लागला. दवाखान्यात नंबरची वाट बघत बसावं, तर कोपऱ्यातल्या टीव्हीवर ते कुणाला तरी धमकावत असायचे. पिस्कॅटवेला मैत्रिणीकडे गेले तर तिथे विहिरीत पडून ओरडत होते. तिने घाईघाईने चॅनल बदललं. मी म्हटलं, राहू दे, आता बाहेर काढतील.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. हॉलमधून आजोबा इंग्रजीत म्हणाले, खिडकी लाव, थंडी आत येते आहे. मी "आले" म्हणून सुरी ठेवली, हात पुसले, हॉलमध्ये जाऊन खिडकी बघितली. ती बंदच होती. कोचावर तुमचा मामा लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता. मालिकावाल्यांनी जुन्या कामांवरून कॉम्प्युटरने आजोबांचा आवाज तयार केला होता आणि नमुना पाठवला होता. खिडकीचं वाक्य त्या राहिलेल्या प्रसंगातलं होतं. आजोबांनी ते कधी उच्चारलेलंच नव्हतं.

पाठमोरा दुसरा नट बसवायचा आणि आवाज आजोबांचा, असं त्यांचं ठरत होतं. आमची परवानगी हवी होती. मालिकावाल्यांकडची एक मुलगी माझ्याशी व्हिडिओवर बोलली. फार सभ्य पोर. आणखी अस्सल व्हावं म्हणून तिने घरगुती रेकॉर्डिंग असल्यास मागितलं, ज्यात ते सहज बोलत असतील असं.

तुमच्या मामाचं म्हणणं खोटं नव्हतं. तो म्हणाला, "आई, एकच सीन आहे. बाबांना काम अर्धवट सोडलेलं आवडायचं नाही, यू नो दॅट. आणि पोरांना त्यांचा आवाज परत ऐकायला मिळेल."

हे खरं होतं, म्हणूनच मला अनेक दिवस ठरवता येत नव्हतं. त्या दिवसांत मी हॉलमध्ये एकटी बसत नसे. तो नमुना मी पुन्हा ऐकला नाही, पण तो घरात आहे हे मला माहीत होतं.

अखेर एका सकाळी चहा पिताना मी त्याला विचारलं, "हा सीन झाल्यावर घरी कोण येणार?"

"म्हणजे?"

"इतक्या वेळा मेले आणि दर वेळी घरी आले. अंघोळ केली, जेवले. या वेळी आवाज मरेल. तो कुठे जाईल?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, खरं सांगू? मी तो सॅम्पल एकदाच ऐकला. नंतर हिंमतच झाली नाही."

त्याने फोन करून सगळं कॅन्सल केलं आणि नमुना पुसून टाकला. मालिकावाल्यांनी समजून घेतलं. आता त्या कथेतला म्हातारा प्रवासाला निघून जातो, असं दाखवणार आहेत.

तुमची निराशा मला कळते. पण आजोबांचं शेवटचं मरण मी पाहिलेलं आहे, त्यात शब्द नव्हते, आणि कुणी नंतर घातलेले शब्द मला त्यावर नको होते.

त्यांचे चित्रपट आहेत. त्यांतलं प्रत्येक वाक्य त्यांनी स्वतः म्हटलेलं आहे, ते तुम्ही हवं तेव्हा पाहा. त्यांचं मराठी कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. ते तुमच्या आईला, मामाला आणि मला आठवतं.