मनकर्णाबाईंच्या अंगणातला कॅमेरा

जानेफळात मनकर्णाबाईंच्या अंगणात दुपारी पुरुषांना मज्जाव असतो. तशी पाटी नाही, पण पोस्टमनसुद्धा फाटकातूनच हाक मारतो. त्या वेळी शेजारची सरवरीखाला आलेली असते. खालाच्या पुढच्या खोलीत मुलांचं शिलाईचं दुकान, दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा. डोक्यावरची ओढणी उतरवायला तिला स्वतःच्या घरात जागा नाही. म्हणून ती इथे येते, ओढणी दोरीवर टाकते, केस मोकळे सोडते आणि मनकर्णाबाई तिला तेल लावता लावता गावभराची उणीदुणी काढतात. मी समोरच राहते, त्यात माझीही निघतात. तरी मनकर्णाबाई मला फार आवडतात. तोंडाने फटकळ, पण गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांच्याच घरून जातो.

दिवाळीला पुण्याहून त्यांचा मुलगा राजकुमार आला आणि अंगणात कॅमेरा बसवून गेला. गल्लीत चोऱ्या झाल्या होत्या, आई एकटी. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुण्यात बसून त्याला फोनवर अंगण दिसायचं. मनकर्णाबाई तर खूश. जाता-येता कॅमेऱ्याकडे बघून विचारायच्या, "जेवला काय रे?"

खालाला आधी ते काय आहे हेच कळलं नव्हतं. कळलं त्या दिवशी ती ओढणी घट्ट लपेटून बसली, चहा न घेता उठली आणि मग यायचीच थांबली. कधी कंबर दुखायची, कधी पाहुणे यायचे. शेवटी मनकर्णाबाई तरातरा तिच्या घरी गेल्या, मलाही ओढत नेलं.

"काऊन येऊन नाही राह्यली?"

खालाने टाळाटाळ केली, मग म्हणाली, "राजकुमारचं काही नाही बाई, तो तं माह्याच मांडीवर वाढला. पन त्या फोनातून अजून कोन पाह्यते, मले काय मालूम?"

मनकर्णाबाई घरी आल्या आणि स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर फडकं बांधलं.

थोड्याच वेळात माझा फोन वाजला. राजकुमार होता. "काकू, लवकर जा! कॅमेऱ्यात काळोख आहे, आई फोन उचलत नाही!" मी कणकेच्या हातांनीच धावले. बाई निवांत तांदूळ निवडत होत्या, फोन आत उशीखाली. मी माझा फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला.

"मीच झाकला," त्या म्हणाल्या.

"अगं आई, पासवर्ड आहे त्याला. दुसरं कुणी बघूच शकत नाही."

"माह्या गळ्याची शपथ घेऊन सांग. तुह्याबिगर कोनीच नाही पाह्यलं?"

 मग तो हळूच म्हणाला, "ऑफिसात दाखवलं होतं एकदा, आमचं गावाकडचं घर म्हणून. तू खालाला तेल लावत होतीस."

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. पोराने कौतुकाने दाखवलं होतं. पण ते दाखवणारा तो कोण?

रविवारी राजकुमार आला. कॅमेरा काढून फाटकाबाहेर, गल्लीकडे तोंड करून लावला. मग खालाकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. "चुकलं माह्यं, खाला," म्हणाला. खालाने ऐकून घेतलं आणि ती ओढणी सावरत आत निघून गेली.

दुपारी आम्ही तिघं अंगणात बसलो होतो. खाला आता कधीच येणार नाही, असं मनकर्णाबाई धरूनच चालल्या होत्या. तरी सवयीने तेलाची वाटी हातात घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात फाटक वाजलं आणि खाला आत आली. राजकुमार चटकन उठला, खाली मान घालून बाहेर निघाला.

"कुठं चालला बे?" खाला म्हणाली.

तो थांबला. खालाने चारही भिंती नीट न्याहाळल्या. मग ओढणी काढून दोरीवर टाकली.

"बस इथं. तुह्यापासून मी कधी काही लपवलं काय? पन दाखवाचं होतं तं आधी मले पुसाचं होतं."

राजकुमार तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. खालाने मनकर्णाबाईंच्या हातातून तेलाची वाटी घेतली आणि आधी त्याच्या विरळ केसांवर तेल थापलं.