वीस चिंचोक्यांची तटबंदी

नामांतराच्या दिवसांत एकदा आमची एसटी बोरीच्या अलीकडं अडकली. पुढं रस्त्यावर टायर जळत होते. शेजारच्या सीटवरचा माणूस माझ्यासोबत लिंबाखाली येऊन बसला. मी त्याचं नाव विचारलं नाही. तेव्हा नाव विचारलं तरी आडनाव विचारल्यासारखं व्हायचं.

त्यानं काडीनं मातीत एक गाव काढलं. घरं, देऊळ, आड, जवारीचं पेव, कडंला ओढा आन् ओढ्याकडं चार घरं. मग खिशातले वीस चिंचोके मोजून माझ्यापुढं सरकवले.

"दुश्मन यायलाय. एवढ्यात तटबंदी करा. भाईर ऱ्हाईल ते गेलं."

मी लय विचार करून आड आत घेतला, पेव आत घेतलं. देवळाभोवती दुपदरी भिंत घातली. त्याचं बोट एकेका चिंचोक्यावरून सावकाश फिरलं आणि ओढ्याकडच्या चार घरांपाशी थांबलं. ती बाहेर होती.

"चिंचोके पुरले नाहीत," मी म्हणालो.

"देवळाला दोनदा पुरले की."

तिकडं ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्या माणसानं चिंचोके गोळा केले, फुंकून खिशात टाकले आणि उठता उठता म्हणाला,

"ती घरं कुणाची, हे मी सांगितलं बी नव्हतं."