श्रावणातले बोंबील

आमच्या कुत्रीला नाव नव्हतं. माहीमच्या बाईंनी तिला आमच्याकडे सोपवलं तेव्हा एक छानसं इंग्रजी नाव होतं, पण त्या नावाला ती कधी वळली नाही. मग आम्ही मराठी नावं लावून पाहिली, त्यांनाही तिने दाद दिली नाही. शेवटी आमचे हे मला जसे 'अगं' म्हणतात तसंच तिलाही म्हणायला लागले, आणि त्या हाकेला मात्र तिचा एक कान हलला. इतकी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याची हाक कुत्रीबरोबर वाटून घ्यावी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरात 'अगं' ऐकू आलं की मी स्वयंपाकघरातून बघायची आणि ती शिलाई मशीनच्या खालून.

ती सापडली परळला. एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहत होता, तिथे लोखंडी सळयांच्या ढिगाशेजारी कुणीतरी तिला बांधून ठेवलं होतं. दिवसभर तिच्या कानाशी लोखंड आदळत असणार. माहीमच्या बाईंनी तिला तिथून सोडवलं. या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या मुंबईच्याच कॅथलिक, आणि अशी घाबरलेली कुत्री आपल्या जुन्या घरात सांभाळून मग नीट पारखून लोकांना देणाऱ्या. आम्हाला द्यायला त्या अजिबात तयार नव्हत्या. लालबागची चाळ, खाली गणपतीचं मंडळ, ढोल, ताशे, तिथे या बिचारीला कशाला न्यायचं, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मग त्यांनी यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कबूल झाल्या.

यांच्यात काय पाहिलं ते मला माहीत होतं. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून हे जिना उतरत नव्हते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, तर हे खिडकीपासून पलंगापर्यंत चालायचे. मी समजावलं, भांडले, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. 'उद्या बघू' एवढंच उत्तर. घाबरलेल्या माणसाला घाबरलेली कुत्री द्यावी हे डोकं त्या बाईंचंच.

आणि ते चाललं. कुत्रीला खाली न्यायलाच हवं, मी गुडघ्यांचं कारण सांगून हात वर केले, तेव्हा हे उठले. एक पायरी ती थांबायची, एक पायरी हे थांबायचे. दोघं घाबरट एकमेकांच्या भरवशावर दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचे आणि मी गॅलरीतून बघत राहायची. हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत, मग मार्केटपर्यंत जायला लागले. घरी आले की घामाघूम, पण मला सांगायला चार गोष्टी असायच्या. माझा नवरा मला त्या कुत्रीने परत दिला, हे मी कुणालाही सांगते.

यांच्या हातून तिने पहिल्यांदा काही खाल्लं तो भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा होता. अट एकच, तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की ती आत. मग हे भिंतीकडे तोंड करून बसायचे, हात मागे करायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी गप्पा मारल्यासारखे बोलत राहायचे. थोड्या वेळाने मागून बोटांना ओलं नाक लागायचं.

मग श्रावण आला. आमच्या घरात श्रावण म्हणजे मासळीचा तवाही माळ्यावर जातो. सुक्या मासळीचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्याच्या मागे. कुत्रीसाठी वेगळा नियम करावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरातलं माणूस म्हटलं की घरातला श्रावण. तिच्या थाळीत दहीभात पडायला लागला. ती हुंगायची, माझ्याकडे बघायची आणि अपमान झाल्यासारखी मशीनखाली जाऊन बसायची.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी हे तिला घेऊन खाली गेले असताना मंडपाच्या लोखंडी पाइपांचा ट्रक आला. मंडळाच्या पोरांनी नेहमीप्रमाणे पाइप वरून सोडले. तो आवाज मी दुसऱ्या मजल्यावर ऐकला. गॅलरीत धावले तर हे गल्लीच्या मधोमध उभे होते. हातात दोरी होती, दोरीला गळ्यातला पट्टा होता, आणि पट्ट्यात कुत्री नव्हती.

मंडळाचा अध्यक्ष आमच्याच चाळीत वाढलेला, मला वहिनी म्हणतो. ट्रक आपला, तर जबाबदारी आपली, असं म्हणून त्याने तिथल्या तिथे काम थांबवलं आणि सगळे कार्यकर्ते गोळा केले. गर्दीत हरवलेलं माणूस शोधण्यात आमच्या लालबागचा हात कुणी धरणार नाही. वर्षानुवर्षांची सवय. तासाभरात लाउडस्पीकर लागला आणि तपकिरी रंगाची, एक कान दुमडलेली कुत्री हरवली आहे, आढळल्यास मंडपाशी आणून द्यावी, अशी घोषणा साऱ्या विभागात घुमली. पोरं शिट्ट्या घेऊन गल्लोगल्ली पसरली. तिला कोणत्या नावाने हाक मारायची हे त्यांनी यांना विचारलं होतं, त्यामुळे सगळीकडून 'अगं, अगं' सुरू झालं आणि आसपासच्या चाळींतल्या यच्चयावत बायका गॅलरीत आल्या. बायका आल्या, कुत्री काही आली नाही.

ती मार्केटच्या मागे दिसली. कळताच पोरांनी विसर्जनाला धरतात तसा दोर धरून कडं केलं. ती त्यांच्या पायांतून निसटली आणि भर रहदारीतून परळच्या बाजूला पळाली. एका टॅक्सीवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. पोरं घामाने निथळत परत आली आणि माझ्यापुढे माना खाली घालून उभी राहिली. मी काय बोलणार? आपापली कामं सोडून धावली होती. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी एकेकाच्या शिट्ट्या हिसकावून गटारात टाकाव्यात असंही वाटत होतं.

घरी हे पट्टा हातात घेऊन पलंगावर बसले होते. जेवले नाहीत. सकाळी मी म्हटलं, चला, परळच्या बाजूला बघून येऊ. तर म्हणाले, "उद्या बघू." ऑपरेशननंतरचेच ते शब्द. कुत्री गेली तर एकटी जाणार नव्हती.

मी माहीमच्या बाईंना फोन केला. शिव्या खायची तयारी ठेवूनच केला. त्या टॅक्सीने आल्या, मंडपात उभ्या राहून अध्यक्षाकडून सगळी हकीकत ऐकली. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे तिच्यावर एवढं प्रेम करताय ना, म्हणून ती पळते. जरा कमी करा." आता कुणी शोधायचं नाही, हाक मारायची नाही, दिसली तरी मागे जायचं नाही, असा त्यांनी हुकूम सोडला. घाबरलेलं जनावर शांत झालं की ओळखीच्या वासाकडे फिरून येतं, आपण फक्त त्याला घाबरवायचं थांबवायचं. मग माझ्याकडे वळून तिचं आवडतं खाणं कोणतं ते विचारलं. मी म्हटलं बोंबील, पण सध्या श्रावण आहे.

"तिला कुणी सांगितलं श्रावण आहे म्हणून?" त्या म्हणाल्या.



ती फिरून येईल हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपाचा सुतार वर येऊन हळूच सांगून गेला की अर्धवट बांधलेल्या स्टेजखाली, ताडपत्रीच्या मागे, कुत्रीचे डोळे चमकतायत. जिथून पळाली तिथेच येऊन दडली होती. पण आत माणूस शिरेल एवढी जागा नव्हती, आणि एखादा पाइप जरी वाजला असता तरी ती पुन्हा रस्त्यावर. माहीमच्या बाई फोनवर म्हणाल्या, ती आपणहून बाहेर यायला हवी, आणि त्यासाठी गल्ली गप्प हवी.

गल्ली गप्प! श्रावणात, लालबागमध्ये, मंडपाचं काम आधीच मागे पडलेलं असताना. ही मागणी कुठल्या तोंडाने करायची, याचा विचार करत मी जिना उतरले. अध्यक्षाने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. काम बंद, ढोलाचा सराव बंद, एवढं म्हणून तो पोरांना सांगायला गेला.

आणि ते नुसतं पोरांपुरतं राहिलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या चाळीत कुणी कुकर लावला नाही. मालिकांच्या वेळेला टीव्ही बंद होते. गल्लीच्या तोंडाशी दोघं कार्यकर्ते उभे राहिले आणि येणारी प्रत्येक मोटारसायकल इंजिन बंद करून ढकलत न्यायला लावली. आणि लोकांनी ती ढकलली! तान्ह्या बाळाची आई बाळाला घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसली. मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासून ती गप्प झालेली कधी पाहिली नव्हती.

राहिले बोंबील. दिवस नेमका श्रावणी सोमवारचा. मी माळ्याकडे बघत उभी होते तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकी आल्या. सोमवारचा उपास, श्रावणभर कांदा-लसूण नाही, असं त्यांचं कडक काम. त्यांच्या हातात स्वतःचा बोंबलांचा डबा होता. तुझ्या घरातून वास खाली पोचायचा नाही, माझ्या गॅलरीत भाजते, म्हणाल्या. मी म्हटलं, काकी, आज सोमवार आहे.

"देवाक काय ता मी सांगतंय," काकी म्हणाल्या आणि शेगडी बाहेर काढायला गेल्या.

मंडपाच्या जागेत, जिथे थोड्या दिवसांनी गणपती बसणार, तिथे मासळी चालेल का, हेही मी अध्यक्षाला विचारलं. त्याने क्षणभर विचार केला. मूर्ती अजून आलेली नाही, तोवर ही जागा म्युनिसिपालिटीची, असा त्याने निवाडा दिला.

तिथे बसणार मी होते. पण माहीमच्या बाईंनी फोनवरच बजावलं होतं की बसायचं ते यांनीच. मी घरात जाऊन यांना तसं सांगितलं. 'उद्या बघू' ऐकायला मन घट्ट केलं होतं. हे उठले, पट्टा खिशात घातला आणि भिंतीला हात लावत एकटेच जिना उतरले.

स्टेजकडे पाठ करून हे गोणपाटावर बसले. समोर चाळीची भिंत. काकींनी भाजलेले तुकडे मागे धरलेल्या हातात. बोंबलांचा तो खमंग वास साऱ्या गल्लीत पसरला, आणि तीनही मजल्यांच्या गॅलऱ्यांत उपाशी माणसं श्वास धरून उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. माझे पाय भरून आले. हे भिंतीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं.

ताडपत्री हलली. आधी दुमडलेला कान, मग तोंड. ती पोटावर सरपटत आली, थांबली, पुन्हा आली. हातातला बोंबील खाल्ला. संपल्यावर परत जाईल म्हणून मी कठडा घट्ट धरला. ती गेली नाही. तिने यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि तशीच राहिली. यांचे खांदे हलायला लागले, पण मान वळवली नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. क्रिकेटच्या एका चौक्यासाठी चाळ डोक्यावर घेणारी ही माणसं. माझ्या शेजारची बाई पदर तोंडात कोंबून रडत होती, आवाज होऊ नये म्हणून. हे दोघं जिना चढून वर आले, दार लागलं, तरी खाली सगळं चिडीचूप. थोड्या वेळाने काकींचा फोन आला. आता कुकर लावला तर चालेल का, असं त्या कुजबुजत विचारत होत्या.

मी सगळ्यांचे आभार मानायला घरोघर जायचं ठरवलं होतं. दोन घरं झाल्यावर अध्यक्षाने मला अडवलं. वहिनी, घरचं कुणी आभार मानतं का, म्हणाला, आणि पाइप मोजायला निघून गेला. म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवते आहे.

गेल्या श्रावणात पुन्हा ट्रक आला. कुत्री खाली होती, यांच्याबरोबर. मी गॅलरीकडे धावले आणि आवाजाची वाट बघत राहिले. आवाज आला नाही. खाली रस्त्यावर गोणपाटं अंथरली होती, आणि मंडळाची पोरं एकेक पाइप दोघा-दोघांनी धरून, झोपलेलं मूल ठेवावं तसा त्यांच्यावर ठेवत होती. पलीकडे हे उभे होते आणि त्यांच्या पायामागून ती बघत होती. तिची दोरी सैल होती.