नावडतीचं मीठ

सत्यजीत सरांचा मला मनापासून राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना मला कुणी तटस्थ समजायला नको.

पनवेलची आमची प्रयोगशाळा लहानशी, सर तिचे प्रमुख. उंदराच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढायचं काम: कुठली पेशी कुणाशी बोलते आणि त्या सांध्यावर कोणते रेणू बसलेत. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला इतकं बारीक दिसत नाही. म्हणून मेंदूचा काप जेलमध्ये बसवायचा आणि शुद्ध पाण्यात फुगवायचा. काप चौपट पसरतो, रेणू एकमेकांपासून लांब सरकतात आणि मग दिसायला लागतात.

हे फुगवायचं काम चंद्रावतीताईचं. जासई गावची, वय बावन्न, शिक्षण सातवी. बापाचं मिठागर होतं, तिथे आता कंटेनर उभे आहेत. ती आली होती काचसामान धुवायला, पण ओला पापुद्रा न फाडता उचलायचा हात तिलाच होता. माझ्या एमएस्सीच्या हातांनी सहा काप फाडले होते. एक तारखेला ती कायम होणार होती आणि तिला तेवढंच हवं होतं.

त्या सोमवारी काप फुगलेच नाहीत. दीड वर्षाचं काम, आणि ताटलीत नखाएवढे आक्रसलेले तुकडे. सरांनी कारण शोधलं नाही, माणूस शोधला.

"सातवी पास बाईच्या हातात मेंदू दिला, माझंच चुकलं!" सगळ्यांसमोर ओरडले. "मावशी, कायम व्हायचं आता विसरा."

चंद्रावतीताईनं हातमोजा काढला. मग तिनं शुद्ध पाण्याच्या कॅनच्या तोटीखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं.

"सर, पानी खारट हाय."

"काय?"

"आमी मिठागरातली मानसं. बापूस पानी जिभेवर घेऊनच सांगायचा, मीठ धरेल का नाय ते."

"वा! उद्या मेंदूही चाखून बघा!" सर हसले. त्यांच्या मागून दोघं-तिघं हसले, मीही थोडी हसले. त्याची लाज अजून जात नाही.

मी कॅनमध्ये क्षार मोजायचा मीटर बुडवला. मीठ होतं, भरपूर. काप आधी खाऱ्या द्रावणात धुतात. त्या द्रावणाचा आणि शुद्ध पाण्याचा, दोन्ही कॅन सारखेच, निळ्या झाकणाचे. शुक्रवारी हा कॅन सरांनीच भरल्याचं वहीत लिहिलेलं होतं, खाली त्यांची सही. खाऱ्या पाण्यात हे जेल फुगत नाही, पण मरतही नाही. ताईनं तीनदा पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत काप पाणीपुरीच्या पुरीएवढे झाले, काचेसारखे नितळ. एकही फाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद काढला. प्रयोगशाळेत पदार्थ तोंडात घातला, सुरक्षेचा नियम मोडला, सबब सेवा समाप्त. कॅनबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे तर नावडतीनं मीठ ओळखलं हाच गुन्हा ठरला.

"अनुया, साक्षीदार म्हणून सही कर," सर म्हणाले.

मी पेन धरून बसले. शेवटी ताईच म्हणाली, "कर बाय सही. मी चाखलंच ना? खोटं कुठं हाय?"

आणि मी केली. खाल्ल्या मिठाला ती जागली, मी पगाराला.

नकाशा शोधपत्रिकेत छापून आला. चार नावं, तिसरं माझं. तिचं कुठेच नाही. सरांनी भिंतीवर पाटी लावलीय: 'येथे काहीही तोंडात घालू नये.' मीटर दोन महिने बिघडलाय आणि दुरुस्तीचा अर्ज सरांच्याच टेबलावर पडून आहे. दर सोमवारी काप पाण्यात सोडायच्या आधी मी दार लोटून घेते, त्या पाटीखाली उभी राहते आणि ओलं बोट जिभेला लावते.